माझ्या बाजूचा क्लच

ही हकीकत मी तेरा वर्षं कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. ती गेली तेव्हा इतक्या दुःखातही एकदा मनात येऊन गेलं, बरं झालं, हिला कळलं नाही. असं वाटणं किती वाईट आहे हे मला समजतं. कुणी विषय काढलाच तर मी उठून जात असे. आता उठून जायला गुडघे साथ देत नाहीत, आणि ज्या बाईंबद्दल हे आहे त्यांना निम्मं सांगून झालं आहे. उरलेलं इथे लिहितो.

घाटकोपरला एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये मी बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली, मग मी आधी टेम्पो चालवला आणि पुढे डावीकडच्या सीटवर जाऊन बसलो. शिकवण्याच्या गाडीत कधी न बसलेल्यांसाठी सांगतो: त्या गाडीत मास्तरच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. ते शिकणाऱ्याच्या पेडलांना आतून जोडलेले असतात. मी माझा क्लच दाबला की पलीकडचा क्लच शिकणाऱ्याच्या पायाखालून खाली जातो. स्टिअरिंग त्याच्या हातात, पण गाडी कधी थांबणार हे मी ठरवणार.

यातून एक सवय लागते. शिकणाऱ्याची गाडी सिग्नलला बंद पडायला लागली, मागून हॉर्न सुरू झाले, की आपला पाय न विचारता क्लचवर जातो. हळूच दाबायचा, गाडी वाचवायची, हळूच सोडायचा. शिकणाऱ्याला पत्ता नसतो. त्याला वाटतं, आपल्याला जमायला लागलं. कित्येक जण शेवटच्या दिवशी पेढे देऊन गेले, "सर, झकास जमलं" म्हणून. त्यांची निम्मी गाडी मी चालवलेली असायची. यात काही चुकतंय असं मला वाटत नसे. उलट आपण हुशार आहोत असंच वाटायचं.

आता मी मुलुंडला मुलाकडे राहतो. संध्याकाळी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ड्रायव्हर मंडळींच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, तिथे मी जाऊन बसतो. त्यातल्या एकाला मीच शिकवलं होतं. तो आता एका डॉक्टरांकडे आहे. दुसरा मालवणकडचा, ॲपची टॅक्सी चालवतो, आणि दोन भाड्यांच्या मधे आमच्याकडे येऊन बसतो. त्या दोघांचं एकमेकांशिवाय पान हलत नाही आणि एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी मालवणच्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. परदेशातला कुठलासा रस्ता होता.

"सर, ह्या बघा. सीटवर कोण नाय. स्टिअरिंग आपसूक फिरता."

"इथे आण म्हणावं तिला," डॉक्टरांचा ड्रायव्हर म्हणाला. "संध्याकाळी सहाला साकीनाक्याच्या सिग्नलवर सोड. डावीकडून रिक्षा घुसणार, समोरून टेम्पो उलटा येणार. तिथेच हात जोडून उभी राहील ती."

"आणि शिव्या कोण घालतलो?"

"तू बस ना मागे शिव्या घालायला. पगार देतील."

दोघे हसले. मग डॉक्टरांचा ड्रायव्हर म्हणाला, "हसतोयस, पण वाट तुझी लागणार आधी. ॲपवाल्यांना तू नकोच आहेस, फक्त गाडी पाहिजे. मला निदान भाजीच्या पिशव्या वर न्यायला तरी ठेवतील."

"ठेवतले, ठेवतले. लिफ्टमन करून." मालवणच्याने मोबाइल खिशात टाकला. "माका एकच सांग. ठोकली तर पकडतले कोणाक?"

"त्यात सगळं नोंदलं जातं म्हणे. ब्रेक कधी लागला, माणसाने लावला की गाडीने स्वतः लावला. खोटं बोलायची सोयच नाही."

"मगे चांगलाच आसा. आता काय झाला तरी बिल आमच्याच नावावर फाडतत."

"चांगलं कसलं रे? तू डुलकी काढलीस तर तेही येईल त्यात."

"मी डुलकी काढत नाय, डोळे मिटून इचार करतंय."

"सर, तुम्हाला काय वाटतं?" डॉक्टरांच्या ड्रायव्हरने मला विचारलं. मी ब्लडप्रेशरच्या गोळीचं निमित्त करून वर निघून आलो. गोळी मी सकाळीच घेतो.

चार-पाच दिवसांनी तो डॉक्टरांना आणायला जोगेश्वरीला निघाला होता. मला म्हणाला, "चला सर, नवी गाडी दाखवतो, तेवढाच फेरफटका." मी सवयीने डावीकडे बसलो. मोकळा रस्ता लागल्यावर त्याने स्टिअरिंगवरचं एक बटण दाबलं आणि दोन्ही पाय मागे घेतले. हात मात्र स्टिअरिंगवर होते; ते काढले की गाडी ओरडते म्हणाला. पुढची गाडी हळू झाली की आमची हळू होत होती, ती निघाली की आमची निघत होती. माझे दोन्ही पाय जुन्या जागी दाबले जात होते. तिथे रबरी मॅट होती.

"खरं सांगू का सर? रात्री पाय दुखायचे ते बंद झाले. मी या गाडीला नावं ठेवणार नाही. पण घरी गेल्यावर कधी कधी वाटतं, आज आपण नक्की काय केलं? साहेब पगार कशाचा देतात?" थोड्या वेळाने तो म्हणाला, "बघा सर, माझे पाय कुठे आहेत. आणि आता ब्रेकचं पेडल बघा. आपोआप खाली जातंय ना? पहिल्यांदा झालं तेव्हा माझा पाय पेडलवरच होता. तो ब्रेक पायाखालून सरकला आणि अंगावर काटा आला. वाटलं, गाडीत दुसरं कुणीतरी बसलंय."

पवई मागे पडेपर्यंत मी त्या पेडलाकडेच बघत होतो. तेरा वर्षांपूर्वी एका बाईने मला जवळजवळ हेच सांगितलं होतं, आणि मी तिला खोटं पाडलं होतं.

त्या असल्फ्याला राहायच्या. मूळच्या जालन्याकडच्या, वय अडतीस-चाळीस. त्यांचे यजमान मुलांना शाळेत पोचवणारी व्हॅन चालवायचे. त्यांचे डोळे साखरेमुळे अधू व्हायला लागले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फार तर दीड वर्ष चालवता येईल. तेवढ्यात बाईंनी शिकायचं, लायसन काढायचं, पुढे प्रवासी गाडीसाठी लागणारा बॅज काढायचा आणि व्हॅन हातात घ्यायची, असं घरात ठरलं होतं. वस्तीतल्या आयांना ते पसंत होतं. व्हॅनवर बाई असली तर बरंच, असं त्या म्हणायच्या.

मी बावीस वर्षांत शेकडो लोकांना शिकवलं. इतक्या मन लावून शिकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या चप्पल काढून, मागच्या सीटखाली ठेवून अनवाणी गाडी चालवायच्या. "सर, चपलेतून कळत नाही," म्हणायच्या. चढावर गाडी धरणं भल्याभल्यांना जमत नाही. क्लच अर्धा सोडायचा, ॲक्सिलरेटर थोडा द्यायचा, आणि गाडी पुढेही नाही, मागेही नाही अशी उभी ठेवायची. त्यांना ते आठव्या दिवशी जमलं. जमलं की त्या हळू आवाजात म्हणायच्या, "धरली, सर."

त्या दिवशी आम्ही असल्फ्याच्या डोंगराकडे जाणाऱ्या चढावर होतो. पुढे एक टेम्पो गल्लीत मागे घेत होता, त्याच्यासाठी थांबावं लागलं. बाईंनी गाडी धरली. मला पुढच्या बॅचच्या कुणाचा तरी फोन आला होता, वेळ बदलून हवी होती. मी फोनवर बोलत होतो. उजवा पाय ब्रेकवर असायला हवा होता तो मी सीटकडे ओढून घेतला होता, कारण चालवणारी चांगली होती. डावा नेहमीसारखा क्लचपाशी. बोलता बोलता इंजिनाचा आवाज थोडा खाली गेल्यासारखा वाटला. गाडी बंद पडेल असं वाटून मी क्लच दाबला. वाटून असं लिहिलं, पण मला काही वाटलंही नव्हतं. पायाला सवय होती, त्याने दाबला.

बाईंनी नीट धरलेली गाडी सुटली आणि मागे गेली. सात-आठ फूट गेली असेल. मागून शाळेच्या गणवेशातली एक मुलगी रस्ता ओलांडत होती. बंपर आणि कडेला उभी केलेली स्कूटर यांच्यामध्ये तिचा पाय सापडला. गुडघ्याखालचं हाड मोडलं.

गाडी थांबवली ती बाईंनी. माझा पाय ब्रेकवर पोचला तेव्हा पेडल आधीच खाली गेलेलं होतं.

लोक जमले. "कोण चालवत होतं?" असं कुणीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, "मी." मी काही बोललो नाही. मुलीला उचलून आम्हीच त्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. गाडी मी चालवली.

तिथे बाकावर बसल्यावर बाई मला म्हणाल्या, "सर, क्लच आपोआप खाली गेला. माझा पाय हललाच नाही."

"ताई, क्लच आपोआप कधी जात नाही खाली," मी म्हणालो. "घाबरल्यावर पाय केव्हा दाबला जातो ते आपलं आपल्यालाही कळत नाही."

"पण मी घाबरले नव्हते."

"इतकी वर्षं शिकवतोय मी."

त्या आपल्या पायांकडे बघत राहिल्या. पाय अजून अनवाणीच होते. चपला गाडीत राहिल्या होत्या, आणि त्या आणून द्यायचंही मला सुचलं नाही.

स्कूलच्या मालकांनी लेखी मागितलं. शिकवताना फोनवर बोलल्याबद्दल त्यांनी मला आधी दोनदा बजावलं होतं. मी लिहून दिलं: शिकाऊ उमेदवाराने चढावर घाबरून क्लच दाबल्यामुळे गाडी मागे गेली. खाली माझी सही. त्याखाली बाईंची सही. त्यांनी वाचून सही केली.

मुलीच्या वडिलांनी तक्रार केली नाही. कारण बाई रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन मुलीजवळ बसायच्या, प्लास्टर निघेपर्यंत एकही दिवस चुकवला नाही. मुलगी पुढे नीट चालायला लागली. पण वस्ती लहान. ज्या आया व्हॅनवर बाई असण्याच्या बाजूच्या होत्या, त्याच आता म्हणू लागल्या की आपली पोरं हिच्या गाडीत कशी द्यायची? बाईंनी त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हॅन विकली गेली.

याहून अवघड गोष्ट पुढची आहे. अपघातानंतर आठवड्याभराने बाई स्कूलमध्ये आल्या. मालक होते, दोन-तीन शिकणारे होते. सगळ्यांसमोर माझ्यापुढे हात जोडून म्हणाल्या, "सर, माझ्यामुळे तुमच्या नावाला डाग लागला. मला माफ करा."

मी म्हणालो, "असू दे, ताई. होतं असं."

माझी नोकरी टिकली. त्यानंतर मी गाडीत फोन उचलला नाही आणि क्लचवर उगीच पाय ठेवला नाही. सांभाळून शिकवणारा मास्तर म्हणून माझं नाव झालं. मधे एकदा साकीनाक्याला बसची वाट बघताना बाई भेटल्या. बाटल्यांची झाकणं करणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. माझी चौकशी केली आणि म्हणाल्या, "बरं झालं सर, तेव्हाच कळलं. पोरं गाडीत असती तर?" मी माझी नसलेली बस पकडली.

जोगेश्वरीहून आल्यावर मला ते पेडल सारखं दिसत राहिलं. मशिनचा मला राग नव्हता. मीही बावीस वर्षं तेच काम केलं: दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग, आणि पाय माझा. फरक इतकाच की त्या गाडीचा मालक नोंद बघू शकतो. माझ्या गाडीत नोंद एकच होती, ती मी लिहिली होती, आणि ती खोटी होती.

एका रविवारी दुपारी मी असल्फ्याला गेलो. पायऱ्या चढताना तीनदा बसावं लागलं. खोली तीच होती. बाई दारातच तांदूळ निवडत होत्या. चष्मा लागला होता, केस पिकले होते. यजमान आत कॉटवर बसले होते. त्यांना आता फक्त उजेड-अंधार कळतो.

"सर, तुम्ही? एवढ्या पायऱ्या चढून?" त्यांनी पाणी दिलं आणि चहाचं आधण ठेवलं.

मी ठरवलं होतं, चहा घेण्याआधी बोलायचं. "ताई, त्या दिवशी क्लच मी दाबला होता."

"कुठल्या दिवशी?" त्यांनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं. हातातला साखरेचा चमचा डब्यावरच थांबला.

मी सगळं सांगितलं. फोन, ओढून घेतलेला पाय, इंजिनाचा आवाज. त्या उभ्याच होत्या.

"म्हणजे माझा पाय हलला नव्हता."

"नाही."

"मी सांगत होते तुम्हाला."

"हो."

"किती दिवस मी या पायाकडे बघत बसायचे, माहितेय? म्हटलं, हा माझाच पाय, आणि मी सांगितलेलं ऐकत नाही. रस्ता ओलांडताना भ्यायचे. जिना उतरताना भ्यायचे."

"मी म्हटलं नव्हतं का गं," यजमान कॉटवरून बोलले, "की तुझा पाय पक्का..."

"तुम्ही थांबा जरा." त्या माझ्याकडे वळल्या. "तेव्हा का नाही बोललात?"

"नोकरी जाईल म्हणून."

"आमची व्हॅन गेलीच की."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. शेजारच्या खोलीतही गेला नसेल. मग म्हणाल्या, "परत एकदा सांगा. ब्रेक कुणी लावला?"

"तुम्ही."

"तुमच्या आधी?"

"आधी. माझा पाय नंतर पोचला."

त्यांनी मान हलवली, जशी शिकताना एखादी गोष्ट पटली की हलवायच्या. मग वाकून गॅस बंद केला.

"चहा राहू दे, सर. तुम्ही या आता."

"ताई, मला एक..."

"या तुम्ही. आणि दार ओढून घ्या."

मी दार ओढून घेतलं.

त्याला आता आठ महिने झाले. दोनदा मी पायऱ्यांपर्यंत जाऊन परत आलो. ज्यांनी दार ओढून घ्यायला सांगितलं, त्यांच्या दारावर पुन्हा थाप मारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही. मी इथे कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. त्यांचं लिहिण्याची परवानगी मी मागितली नाही, आणि ती मागायलाही त्या दारातच जावं लागलं असतं.

खाली पार्किंगमध्ये अजून तो विषय निघतो. परवा मालवणच्याने पुन्हा विचारलं, "सर, तुमी मास्तर. तुमीच सांगा, ती गाडी बरी की आमी?" मी या वेळी उठलो नाही. म्हणालो, तुमचं काम गेलेलं मला बघवणार नाही, आणि तुमच्याइतकी ती रस्ता ओळखेल असंही मला वाटत नाही. पण तिला नोकरी जायची भीती नसते. तेवढ्यापुरता मला तिचा हेवा वाटतो. ते दोघे एकमेकांकडे बघू लागले. मग डॉक्टरांच्या ड्रायव्हरने चहा मागवला.

असल्फ्याच्या पायऱ्या चढताना मी जे पाठ करत होतो, त्यातला पहिला भाग आत बोलून झाला होता. राहिला तो हा:

ताई, गाडी मागे गेली ती माझी चूक होती, पण चूक एका क्षणाची होती. त्यानंतर तुम्हाला तुमच्याच पायावर संशय घ्यायला लावला, तो मी ठरवून. आणि तुम्ही सगळ्यांसमोर हात जोडून माझी माफी मागितलीत, तेव्हा मी ती घेतली. ती माझ्याकडून परत घ्या. मला माफ करा.